एकटी लढली, तेव्हा बाकीच्या कुठे होत्या?

स्त्रीप्रश्नावरची एकांकिका म्हटली की तिचा शेवट आता डोळे मिटूनही सांगता येतो. पाऊण तास बाई मार खाते, रडते, हात जोडते. मग ढोल सुरू होतो. लाल दिवा लागतो. केस मोकळे सुटतात, कपाळी मळवट भरला जातो, विंगेतून कुणीतरी हातात विळा नाहीतर त्रिशूळ देतं, आणि तीच बाई नवरा, सासरा, सावकार, सरपंच, फौजदार अशा सगळ्यांना एकामागोमाग आडवं करते. ती मध्यभागी उभी, पायाशी प्रेतं, मागे देवीचा गजर. टाळ्या. महाविद्यालयांच्या स्पर्धांत, गणपतीच्या मांडवात, नवरात्रात, ८ मार्चच्या कार्यक्रमात, सगळीकडे हाच शेवट. टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्या रांगेत आपल्याच संघटनांच्या कार्यकर्त्या असतात. बरेचदा परीक्षकही आपल्यातल्याच असतात आणि बक्षीसही आपल्याच हातून दिलं जातं.

मला वाटतं, हा शेवट आपला नाही. तो आपल्याकडे आयता आला आहे. एक वीर आणि समोर शंभर शत्रू, हा आपल्या रंगभूमीचा फार जुना, फार लाडका साचा. त्यात पुरुषाच्या जागी बाई उभी केली म्हणून साचा बदलत नाही. उलट आपण सल्ला केंद्रात, वस्तीत, पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर वर्षानुवर्षं जे काम करतो, त्याच्या नेमकं उलट तो शिकवतो.

आधी साधी गोष्ट बघू. रंगभूमीवर एकानं शंभरांना हरवायचं तर शंभर माणसं आणायची कुठून? मंडळीत असतात आठ-दहा जण. मग तेच सैनिक एका विंगेतून मरून बाहेर पडतात, फेटा बदलून दुसऱ्या विंगेतून पुन्हा आत येतात. शिवाय ते एकेक करून येतात. एक लढत असतो तेव्हा बाकीचे बाजूला तलवारी फिरवत आपली पाळी येण्याची वाट बघतात. कोकणातल्या दशावतारात तर दोन पात्रं, पखवाज, झांज आणि पायपेटी एवढ्यावर अख्खं युद्ध उभं राहतं, आणि ते सुंदरच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भरताच्या नाट्यशास्त्रानं युद्ध, मृत्यू, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, दुसऱ्या पात्रांच्या तोंडून प्रवेशकात सांगाव्यात, असंच म्हणून ठेवलं. म्हणजे शत्रूची संख्या आपण बघत नाही, ऐकतो. शंभर म्हणा, हजार म्हणा, सांगणाऱ्याच्या तोंडाला काही पडत नाही.

नाटकाची ही सोय आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा ही सोय लढाईची रीत म्हणून आपल्या डोक्यात बसते. शत्रू पाळीपाळीनं येतो, तो शत्रूच्या वेषात येतो आणि एकदा पडला की पडला. आता आपल्या केंद्रात येणाऱ्या कुठल्याही बाईचा एक आठवडा डोळ्यासमोर आणा. सोमवारी नवऱ्यानं घराबाहेर काढलं. मंगळवारी ठाण्यात सांगितलं गेलं, घरचं भांडण आहे, घरात मिटवा. बुधवारी मुलाच्या शाळेत दाखल्यासाठी बापाची सही मागितली. गुरुवारी जिथे ती धुणीभांडी करते त्या घरी तीन खाडे झाले म्हणून दुसरी बाई लागली. शुक्रवारी भाऊ आला, डोळ्यात पाणी आणून म्हणाला, ताई, माझीही दोन लेकरं आहेत गं, तू परत जा. यातला कुणीही थांबून पाळीची वाट बघत नाही. सगळे एकदम येतात. आणि भावाला ती कुठला विळा मारणार? तो शत्रू नाहीच. तरीही तिच्या वाटेत आडवा तोच सर्वांत घट्ट उभा आहे.

ज्या नाटकात शत्रूला नाव नसतं, तोंड नसतं, घर नसतं, ते नाटक या बाईला भावाचं काय करायचं ते सांगू शकत नाही.

आपल्याकडच्या एकट्या वीरांच्या नाटकांत बाईचं काम काय असतं, तेही बघितलं पाहिजे. तिचं काम असतं कारण पुरवण्याचं. तिची विटंबना झाली की वीराचा हात सळसळतो. याचं सर्वांत गाजलेलं मराठी उदाहरण म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध'. १९०७ सालचं हे नाटक. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे परवशतेतली भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना न सांगता कळत होतं. सरकारलाही कळलं. १९१० मध्ये १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली नाटकावर बंदी आली. या नाटकाचं धाडस मोठंच होतं, त्याची थोरवी नाकारायचं मला कारण नाही. पण एक विचारायला हवं. मालकिणीच्या भावानं हात टाकलेली एक घरकामकरी बाई, ही कथा बघताना सगळ्या महाराष्ट्राला कर्झन दिसला. सैरंध्री दिसली का? त्या काळच्या रीतीप्रमाणे सैरंध्री लिहिणारा पुरुष, वठवणाराही पुरुष. तिचं दुःख देशाचं दुःख झालं आणि तिचं तिला काही उरलं नाही.

म्हणून नाटक बाजूला ठेवून मूळ विराटपर्वाकडे गेलं पाहिजे. तिथली गोष्ट आपल्या कुठल्याही केस-फाइलसारखी आहे. कीचक हा राणी सुदेष्णेचा भाऊ आणि राज्याचा सेनापती. त्याच्या मनात काय आहे ते ठाऊक असून राणी स्वतः सैरंध्रीला मद्य आणायच्या निमित्तानं त्याच्या घरी पाठवते. (घरातली मोठी बाईच पुढे ढकलते, हा भाग आपण चर्चेत नेहमी घाईनं उरकतो.) सैरंध्री हात सोडवून पळते ती थेट राजसभेत, म्हणजे न्याय मागायच्या जागी. कीचक तिथे येऊन सगळ्यांदेखत तिचे केस धरतो, तिला लाथ मारतो. राजा विराट काय म्हणतो? तुमच्यात माझ्या माघारी काय झालं ते मला ठाऊक नाही, मी न्याय कसा करू? घरचं भांडण आहे, घरात मिटवा, याची ही सर्वांत जुनी नोंद असावी. आणि कंक बनून बसलेला तिचा नवरा युधिष्ठिर तिला बजावतो की तुला वेळकाळ कळत नाही, तू नटीसारखी रडत फिरतेस, इथे राजसभेत द्यूत खेळणाऱ्यांना त्रास होतो. नटीसारखी! न्याय मागणारी बाई नाटक करते, हे वाक्य काल-परवाही कुठल्यातरी साहेबांच्या टेबलावर आपण ऐकलेलं आहे.

रात्री ती स्वयंपाकघरात भीमाकडे जाते, तो कीचकाला मारतो. मग एकशे पाच उपकीचक येतात. ते सैरंध्रीला कीचकाच्या प्रेताबरोबर जाळायचं ठरवतात आणि त्याला चक्क राजाची परवानगी मिळवतात. भीम झाड उपटून एकशे पाचांना मारतो. एकटा वीर, अफाट शत्रू, संपूर्ण विजय. वीररसाचं नाटक लिहिणारा इथे पडदा पाडील.

व्यासांनी मात्र पडदा पाडला नाही. नगरातले लोक घाबरून राजाकडे गेले. ही बाई फार देखणी, तिचे गंधर्व नवरे फार भयंकर, ही इथे राहिली तर आमचं काही खरं नाही. राजा राणीला म्हणाला, तिला जायला सांग. सुदेष्णेनं सांगितलं. आणि एकशे सहा शत्रू मेल्यानंतर सैरंध्री राणीपुढे उभी राहून विनवते, मला आणखी फक्त तेरा दिवस इथे राहू द्या.

हे तेरा दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. शत्रूपैकी एकही शिल्लक नाही, तरी बाईला राहायला जागा नाही. कारण भीमानं कीचक मारला, विराटाची सभा नाही मारली. सभा होती तशीच आहे. न्याय करायला नकार देणारा राजा जागेवर आहे, प्रेताबरोबर जाळायची परवानगी देणाराही तोच. आणि लोकांच्या मते भीतीचं कारण मेलेला कीचक नाही, जिवंत राहिलेली सैरंध्री आहे. नवऱ्याला गल्लीत चारचौघांनी बदडून काढलं म्हणून सुटलेली एक तरी केस कुणाला आठवते का? मार बसतो, आठ दिवस वस्ती खूश असते, आणि नवव्या दिवशी घरमालक खोली रिकामी करायला सांगतो.

वीर हरला तर काय होतं, याचंही उत्तर आपल्या परंपरेत आहे. चक्रव्यूहातला अभिमन्यू एकटा अनेकांशी लढला आणि मारला गेला. का मारला गेला? त्याच्या मागोमाग बाकीचे आत शिरूच शकले नाहीत म्हणून, असं महाभारत सांगतं. जयद्रथानं वाट अडवली. पण कीर्तनातून, गोष्टींतून आपल्याला लहानपणी काय सांगितलेलं असतं? सुभद्रेला झोप लागली. अर्जुन व्यूहातून बाहेर पडायची रीत सांगत होता आणि गर्भारशी बाईचा डोळा लागला. जिंकला असता तर अर्जुनाचा मुलगा म्हणून जिंकला असता, हरला तो आईच्या झोपेमुळे. गर्भारपणात झोप येते हो!

इतिहासातल्या नाटकांविषयी थोडक्यात. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर बांदलांचे मावळे होते, आणि त्या आधी शिवा काशिदांनी राजांचं सोंग घेऊन आपला जीव दिला होता. मंचावर उरतात ते दोन हातांत दोन पट्टे घेतलेले बाजीप्रभू. इतरांना नावं नाहीत, संवाद नाहीत. खिंड संख्येनं अडवली नाही, हे खरं. पण एकानंही अडवली नाही.

आणि आता झाशीच्या राणीकडे येते, कारण आपल्याला सतत तीच व्हायला सांगितलं जातं. शाळेच्या संमेलनात पाठीला बाहुली बांधून लाकडी तलवार उपसणारी मुलगी प्रत्येक गावात एक तरी असते. लक्ष्मीबाई मोठीच होती. पण ती मोठी कशात होती, ते नाटक सांगत नाही. १८५४ मध्ये डलहौसीनं झाशी खालसा केली तेव्हा ती तलवार घेऊन निघाली नाही. तिनं अर्ज केले. दत्तकविधान कायदेशीर आहे, जुन्या तहांत असं असं लिहिलं आहे, असे खलिते पाठवले. जॉन लँग नावाचा वकील बोलावून घेतला, त्याच्याशी खल केला. अर्ज फेटाळले गेले. लढाईआधीची ही तीन वर्षं नाटकात दोन वाक्यांत संपतात, कारण अर्ज लिहिणारी राणी दाखवायला ढोल वाजवता येत नाही. आपल्यातल्या ज्या बायकांनी पोटगीसाठी पाच-पाच वर्षं तारखा घातल्या आहेत, त्यांना खरं म्हणजे ही राणी जवळची.

आणि १८५८ च्या वेढ्यातही ती एकटी कुठे होती? झाशीच्या तटावर तोफांच्या मोर्चांवर बायका काम करताना, दारूगोळा वाहून नेताना दिसत होत्या, हे तिला वेढा घालणाऱ्या सर ह्यू रोजच्या बाजूनंच नोंदलेलं आहे. कोरी समाजातल्या झलकारीबाईचं नाव लोकपरंपरेनं जपलं. तिची आठवण मोठ्या प्रमाणावर जागवली ती दलित चळवळीनं, आपण नव्हे. त्या दारूगोळा वाहणाऱ्या बायकांची नावं कुणाजवळच नाहीत. मग संमेलनातल्या मुलीला सांगायचं काय? एक राणी होती, घोडा होता, बाकी शत्रू. पन्नास मुलींच्या वर्गात घोडा एकच असतो आणि तो देशपांडे नाहीतर पाटलांच्या मुलीला मिळतो. बाकीच्या एकोणपन्नास जणींना टाळ्या वाजवायचं काम.

जाता जाता बांगड्यांबद्दल. हा माझा जुना राग आहे. अधिकारी काम करत नाही म्हणून त्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवणारे मोर्चे आपल्याकडे अजून निघतात, आणि त्यात महिला आघाड्या पुढे असतात. छायाचित्र छापून येतं. बांगडी म्हणजे नामर्दपणा, नामर्दपणा म्हणजे बाईपण. हे आपणच आपल्या हातानं त्या टेबलावर मांडून येतो. विराटपर्वातच याला उत्तर आहे. कौरवांनी गायी पळवल्या तेव्हा अंतःपुरातल्या बायकांपुढे राजपुत्र उत्तरानं मोठ्या बढाया मारल्या, सारथी मिळाला तर दाखवतो म्हणाला. सैरंध्रीनं सुचवलं, बृहन्नडेला ने. सैन्य समोर दिसताच राजपुत्र रथातून उडी टाकून पळाला. ज्या हातांत बांगड्या होत्या, त्या हातांनी शमीवरची आयुधं हाती घेतली आणि एका रथावरून सगळ्या कौरवसेनेला मागे रेटलं. नाटकवाल्यांनी या प्रसंगाचा काय उपयोग केला? बृहन्नडेची चाल, बृहन्नडेचं नाचणं यावर हशा. म्हणजे बाईची टिंगल आणि तृतीयपंथीयांची टिंगल एकाच वेळी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींना कायद्यानं ओळख दिली, तो हशा तरी अजून थांबलेला नाही.

आता हे सगळं नाटकापुरतं असतं तर मी एवढी शाई घालवली नसती. हा साचा आपल्या संघटनांच्या आत शिरला आहे. नवरात्रात वर्तमानपत्रं 'नवदुर्गा' मागतात. नऊ दिवस नऊ बाया, प्रत्येकीनं 'एकहाती' काहीतरी केलेलं पाहिजे. बारा जणींच्या बचत गटानं दारूचं दुकान बंद पाडलं असं सांगितलं तर वार्ताहर विचारतो, पण त्यातली मुख्य कोण? निधी देणाऱ्या संस्थांना अहवालाबरोबर यशोगाथा हवी असते, आणि यशोगाथेत एकच बाई, एकच फोटो. तिला केंद्रात कुणी आणलं, तिची मुलं सहा महिने कुणाच्या घरी जेवली, साक्षीला कोण उभं राहिलं, यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो. आपणही मग रकान्याप्रमाणे लिहितो. हळूहळू आपणच त्यावर विश्वास ठेवू लागतो.

यापुढचं बोलणं थोडं कडू आहे. आपल्या कितीतरी संस्था एकखांबी तंबू झाल्या आहेत. 'ताई आल्या की प्रश्न सुटतो.' ताई रात्री बारा वाजता फोन घेतात, ताई फौजदाराला दम देतात, ताईंना सगळी कलमं पाठ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चारशे अठ्ठ्याण्णव-अ च्या जागी पंच्याऐंशी आलं, तर तेही फक्त ताईंनाच ठाऊक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचा अर्ज भरायला गटातल्या दुसऱ्या कुणालाही शिकवलेलं नाही. ताईंचा सत्कार होतो, मानपत्रात 'रणरागिणी' हा शब्द असतो. मग ताईंचं ऑपरेशन निघतं आणि केंद्राला तीन महिने कुलूप लागतं. त्या तीन महिन्यांत ज्या बायका दारावरून परत गेल्या, त्यांच्या परत जाण्याला जबाबदार कोण? मी ताईंना दोष देत नाही, बहुतेक जणी झिजून झिजून आजारी पडलेल्या असतात. पण एकटीनं शंभरांशी लढायचं, हे आपण शौर्य म्हणून मिरवतो तोवर तिला विश्रांती मागायचीही लाज वाटणार.

एकटीनं लढण्याची किंमत काय असते, ते आपण १९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरीत बघितलं. भंवरीदेवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमातली साथिन. वरून आलेल्या आदेशाप्रमाणे बालविवाह थांबवायला गेली, आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. गावात एकटी. १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. तिच्या धैर्यापुढे मान लवतेच. पण काम करणाऱ्या बाईच्या संरक्षणाची जबाबदारी मालकाची, हे तत्त्व १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळालं ते संघटनांनी एकत्र येऊन केलेल्या याचिकेवर. त्या निकालाला आपण आजही 'विशाखा' म्हणतो. विशाखा हे कुणा वीरांगनेचं नाव नाही, एका गटाचं नाव आहे. त्याआधी १९७२ चं मथुरा प्रकरण बघा. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात जे घडलं त्यावर चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं, गावोगावच्या बायकांनी ते हातात घेतलं, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. यातल्या कुठल्याही प्रसंगावर लाल दिव्याचा शेवट बसवता येणार नाही. म्हणूनच बहुधा यावर एकांकिका होत नाहीत.

माझ्यासमोर नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो चुकीचा नाही. वस्तीतल्या बायकांना तो शेवट आवडतो. वर्षभर ऐकून घेणाऱ्या बाईला तासभर तरी देवी होऊन बघावंसं वाटतं. तिच्या अंगावर काटा येतो, मूठ आवळली जाते, आणि त्या मुठीत काहीच नाही असं कोण म्हणेल? आपल्या एका बैठकीत एक जण म्हणाली, "ते बघून मला घरी जाताना भीती वाटली नाही." मी ते वाक्य खोडून काढणार नाही. घरी जाईपर्यंत भीती वाटली नाही, ही छोटी गोष्ट नव्हे. पण दार उघडल्यावर आत नवरा असतो, आणि मागे ढोल नसतो. ती भीती न वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकवायचं तर शेजारच्या दाराशी काय ठरलेलं आहे, हे महत्त्वाचं. थाळी वाजली की कोण धावून येणार? हे ठरवणं नाटकात दाखवता येत नाही, असं मला कुणी सांगू नये.

कारण ते आपण दाखवलेलं आहे. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं रंगभूमीवर आणलं. त्या नाटकात नायिका कोण, ते सांगा बरं. सांगता येत नाही, कारण बायकांचा जथाच नायिका आहे. तीच बाई आत्ता सासू, आत्ता सून, आत्ता डॉक्टर, आत्ता सगळ्यांबरोबर गाणं म्हणणारी. शत्रूही असाच घोळक्यातून निर्माण होतो आणि घोळक्यात विरघळतो, म्हणून सासू मारून टाकायची गरज पडत नाही. ओवी, भारूड, जात्यावरची चाल, सगळं आपल्या घरातलं. गावोगावी, मैदानात, चाळीत त्याचे प्रयोग झाले आणि बघणाऱ्या बायका उठून गाण्यात सामील झाल्या. ते नाटक भाबडं होतं, प्रचारकी होतं, अशी टीका झाली. असेल. पण त्यात एकीला वाचवायला दुसरी होती.

आणि भवभूती! तो आपल्या विदर्भाचा, पद्मपूरचा. आठव्या शतकात त्यानं 'उत्तररामचरित' लिहिलं. त्यात एकटा वीर आहे: लव. टाकलेल्या बाईचा मुलगा, ज्या बापानं आईला टाकलं त्याच्याच सैन्यासमोर एकटा उभा. रामाच्या मोठेपणाबद्दल तो तोंडावर बोलतो, ताटकेसारख्या स्त्रीला मारणं, वालीला मारणं यात कसलं शौर्य, असं विचारतो. इतके सगळे एकावर तुटून पडले याची समोरच्या चंद्रकेतूलाच लाज वाटते. युद्धाचं वर्णन एक विद्याधर आपल्या बायकोला आकाशातून करून सांगतो. सगळं साच्याप्रमाणे. पण सीतेचा प्रश्न लवाच्या बाणांनी सुटतो का? नाही. बाण थांबतात, नाटक पुढे जातं. शेवटच्या अंकात गंगेच्या काठी सगळ्या प्रजेला बसवून नाटकातलं नाटक दाखवलं जातं. त्यात टाकलेल्या गर्भार सीतेचं काय झालं ते लोक बघतात. मग म्हातारी अरुंधती उठते आणि नगरवासी आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांनाच उद्देशून विचारते, हिच्याबद्दल तुमचं म्हणणं काय? ज्यांच्या कुजबुजीनं सीतेला घराबाहेर काढलं, त्यांनाच. लोक खजील होतात, तिच्यापुढे वाकतात.

ती पुन्हा रामाकडे गेली, हे मला पटत नाही. त्याबद्दल भवभूतीशी भांडण आहेच. पण लढाईनं जे झालं नाही ते सभेसमोर नाटक करून, सभेला जाब विचारून झालं, हे बाराशे वर्षांपूर्वी एका वैदर्भी नाटककाराला कळलं होतं. आपल्या स्पर्धांतल्या दिग्दर्शकांना अजून कळायचं आहे.

तेव्हा यंदा पथनाट्य बसवणाऱ्या गटांना माझी सूचना आहे. सैरंध्री घ्या. कीचकाचा वध दाखवू नका, भरतानं सांगितल्याप्रमाणे एका वाक्यात सांगून टाका. नाटक सुरू करा ते सुदेष्णा निरोप घेऊन येते तिथून: बाई, तू इथून जा. सैरंध्री तेरा दिवस मागते. इथे नाटक थांबवा आणि बसलेल्या बायकांना विचारा, हे तेरा दिवस तिनं कुठे, कसे काढायचे? आम्ही दोन वस्त्यांत हे करून पाहिलं. सुरुवातीला सगळ्या गप्प. एक-दोघी म्हणाल्या, भीमाला बोलवा. मग मागून एक म्हातारी म्हणाली, भीम कामावर गेला असेल. हशा झाला आणि त्या हशानंतर बोलणं सुरू झालं. माझ्या माळ्यावर झोपेल, पण मालकाला सांगायचं कोण? राणीकडचा पगार थकला असेल तो आधी मागा. सभेत लाथ मारली तेव्हा तिथे कोण कोण होतं, त्यांची नावं लिहून काढा. एकीनं विचारलं, तिचं रेशनकार्ड कुणाच्या नावावर आहे? सैरंध्री झालेल्या मुलीला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, तिला ते शोधायला दुसऱ्या दिवशी कार्यालयात पाठवलं. दुसऱ्या वस्तीत नळाला पाणी आलं तेव्हाच बैठक उठली, आणि हंडे भरताभरताही दोघींचा वाद चालू होता की सुदेष्णेला गटात घ्यायचं की नाही.